बाळ झोपले आहे, बेल वाजवू नये

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या रुपाली खरेला स्वस्थ बसता येत नाही, हे कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक आहे. फोनवर बोलताना ती जिना चढते-उतरते. मेथी निवडायला घेतली की एक जुडी संपेपर्यंत चारदा उठते. सोसायटीच्या वार्षिक सभेत बाकीचे खुर्च्यांवर पेंगत असतात आणि ही भिंतीपाशी उभी, या पायावरून त्या पायावर. हिंजवडीला कंपनीच्या बसने जाताना-येताना ट्रॅफिकमध्ये अडकून बसावं लागतं, त्याचा तिला कामापेक्षा जास्त वैताग. "काकू, कामाचं काही नाही हो. ते बसणं मारतं मला," असं ती माझ्या दारात उभ्या उभ्याच सांगते. आत ये म्हटलं तरी यायची नाही, कारण आत आलं की बसावं लागतं.

मी शाळेत गणित शिकवलं. प्रत्येक वर्गात असा एक नमुना असतो, ज्याचं बूड बाकाला टेकत नाही. सगळे शिक्षक त्याच्यावर ओरडतात आणि गणिताचं उत्तर बहुतेक वेळा तोच आधी काढतो. त्यामुळे ही पोरगी मला पहिल्यापासून आवडली.

ती परभणीकडची, जिंतूरजवळच्या एका गावातली. वडील नागोराव एसटीत कंडक्टर होते, म्हणजे जन्म उभं राहून काढलेला माणूस. "माझे पाय बापाचे आहेत," असं ती म्हणते. इंजिनिअरिंगला पुण्यात आली, हॉस्टेलमध्ये राहिली, नोकरीला लागली, ऑफिसातल्या केदार खऱ्याशी लग्न केलं आणि पुण्यातल्या सगळ्यात शांत घरात येऊन पडली.

सगळ्यात शांत म्हणते ते उगीच नाही. केदारचे वडील दिगंबरराव एका कॉलेजात ग्रंथपाल होते. उभी नोकरी त्यांनी पोरांना 'शूऽऽ' करण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर तीच नोकरी घरी आणली. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात बोलायचं कारणही उरलं नव्हतं. त्यांच्याकडे टीव्ही आवाज बंद करून लागतो, खाली येणारी अक्षरं ते वाचतात. माझ्याकडे काही काम असेल तर बेल वाजवत नाहीत, दारावर एका बोटाने टकटक करतात. मला ऐकू आली तर आली, नाही तर ते परत जातात.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात रुपालीच्या हातून स्टीलचा डबा पडला आणि घरंगळत हॉलपर्यंत गेला. दिगंबरराव खोलीतून बाहेर आले. "पडला का?" "हो बाबा." "पूर्ण पडला, की अजून काही बाकी आहे?" दुसरी सून रडली असती. ही हसत हसत मला सांगायला आली आणि तिच्या मागोमाग ते हसणं ऐकून दिगंबररावांनी दार लोटून घेतलं. एकूण दोघांचं बरं चाललं होतं.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण डॉक्टर इथल्या, तपासण्या इथल्या, म्हणून मग माहेरच पुण्याला आलं. तिची आई गोदाबाई डिंक, अळीव, ओवा, बाळंतशेपा आणि नेसून नेसून मऊ झालेली दोन लुगडी असं गाठोडं घेऊन उतरल्या. मुलगी झाली. नाजूक, भरपूर जावळाची आणि झोपाळू. कमालीची झोपाळू.

घरी आणल्यापासून बाळाने आवाज म्हणून केला नाही. सकाळी गोदाबाई तिला पायावर घेऊन तेलाने चोळायच्या, कढत पाण्याने न्हाऊ घालायच्या, ओव्याची धुरी द्यायच्या आणि लुगड्याच्या तुकड्यात असं घट्ट गुंडाळायच्या की फक्त नाक दिसावं. मग बाळ जे झोपायचं ते झोपायचंच. रुपाली पाजायला घेई. बाळ दोन-चार ओढी घेई, तोंड ढिलं पडे, की पुन्हा झोप.

या घरात दोन माणसं कधी एका मताची नव्हती. गोदाबाईंना खऱ्यांकडचं वरण पाणचट वाटायचं आणि दिगंबररावांना गोदाबाईंचं कुजबुजणंसुद्धा फार मोठं वाटायचं. पण बाळाच्या बाबतीत दोघांचं एकमत झालं, की असं गुणी लेकरू होणे नाही आणि झोपलेल्या बाळाला उठवणं म्हणजे पाप. केदार ऑफिसातून रात्री यायचा, चवड्यांवर चालत जाऊन झोपलेलं बाळ बघायचा आणि खूश व्हायचा. "हे बाबांवर गेलंय," असं त्याने मला जिन्यात सांगितलं. डॉक्टरांनी वजनाला बोलावलं होतं, पण निघायच्या वेळी बाळ गाढ झोपेत. म्हणून दिगंबररावांनी हळू आवाजात फोन करून ती तपासणी पुढे ढकलली. आणि दारावर पाटी लावली. ग्रंथालयात लावायचे तशीच, पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईत:

'बाळ झोपले आहे. बेल वाजवू नये. काम निकडीचे नसल्यास उद्या यावे. उद्याही बाळ बहुधा झोपलेलेच असेल.'

येणारे-जाणारे वाचून हसत होते. मीही पहिल्यांदा हसले.

आता त्यांची मागची गॅलरी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला काटकोनात येते. मी मुद्दाम बघत नाही, पण भांडी घासताना माणसाने डोळे मिटून घ्यावेत काय? केदारने आणलेलं डायपरचं पाकीट गोदाबाईंनी कपाटावर टाकून दिलं होतं. "त्या प्लास्टिकात लेकराला उकडून काढायचंय का काय?" असं म्हणून त्यांनी सुती लंगोट शिवले होते. म्हणजे त्या दोरीवर लंगोटांची रांग दिसायला हवी. मला दोन मुलं झाली, त्या दिवसांत आमच्या दोरीवर टॉवेल वाळत घालायला जागा नसायची. आणि इथे दोन लंगोट. दुपारी पाहिलं तर तेच दोन. दुसऱ्या दिवशीही दोरी जवळजवळ रिकामीच.

जे आत जात नाही ते बाहेर कुठून येणार? मी हात पुसले आणि समोरच्या दाराशी गेले. पाटी पुन्हा वाचली. बेल वाजवली. कुणी आलं नाही, म्हणून बोट तसंच दाबून धरलं.

दिगंबररावांनी दार उघडलं. चेहरा पांढराफटक झाला होता, रागाने. "अस्मिताबाई, पाटी दिसली नाही का आपल्याला?"

"दिसली. शुद्धलेखन उत्तम आहे. बाळ कुठंय?"

आतल्या खोलीत खाटेखाली शेगडी, खिडक्या बंद, आणि खाटेवर ते गाठोडं. इतका वेळ बेल कोकलत होती, तरी बाळाची पापणी हलली नव्हती.

"बघा की, किती गुणाचं लेकरू हाय," गोदाबाई कौतुकाने म्हणाल्या. "रडणं नाई, तरास नाई. ही रुपी एवढी होती तवा अख्खं गाव डोक्यावर घेतलं होतं हिनं."

"गोदाबाई, दिवसातून लंगोट किती भिजतात?"

"लई नाई. धुणं बी कमीच…" आणि बोलता बोलता त्या थांबल्या. चार लेकरं वाढवलेली बाई. पुढचं मला सांगावं लागलं नाही. त्या खाली बसल्या आणि गाठोडं सोडायला लागल्या, पण त्यांना गाठ सुटेना.

रुपाली खिडकीपाशी उभी होती. गाऊन पुढून दोन्हीकडे ओला झाला होता. दूध वाहून चाललं होतं आणि पोर उपाशी होती. मला इतकी चीड आली की कुणावर काढू ते कळेना.

"काकू, मी यांना म्हणत होते," ती म्हणाली. "घरी आल्यापासून म्हणतेय, ही पीत नाही. मी तिला उठवायला गेले की सगळे मलाच ओरडायचे. आई झालीस तरी तुला स्वस्थपणा नाही. मग मलाच वाटायला लागलं, माझंच काहीतरी बिघडलंय. मला कुठे स्वस्थ बसता येतं कधी?"

असं आहे. एखाद्याला वर्षानुवर्षं चळवळ्या म्हणून हसत राहिलं, की खरोखर आग लागली तरी तो ओरडायच्या आधी स्वतःलाच तपासत बसतो. मी खिडकी उघडली. उजेडात बाळाचा चेहरा, छाती, पोट हळदीसारखं पिवळं दिसत होतं.

रिक्षात रुपाली, गोदाबाई आणि मी. दिगंबरराव दारात उभे होते.

डॉक्टरीणबाईंनी बाळाचं वजन केलं, रक्त काढलं. टाचेत सुई टोचली तेव्हा बाळ जरासं कण्हलं, तेवढ्यावरही रुपालीचे डोळे चमकले. वजन जन्मावेळेपेक्षा बरंच उतरलं होतं. कावीळ होती, उपचाराच्या निळ्या दिव्याखाली ठेवावं लागेल त्या रेषेच्या किंचित अलीकडे.

"खूप शहाणी आहे हो, रडतच नाही," गोदाबाई सवयीने बोलून गेल्या.

"शहाणी नाही, आजी, दमलीय ती," डॉक्टर म्हणाल्या. "पोटात नाही म्हणून झोपते, आणि झोपते म्हणून पोटात जात नाही. हे चक्र तुम्हीच तोडायचं. आजचा नि उद्याचा दिवस देते. परवा वजन चढलेलं दिसलं नाही तर ॲडमिट करणार, दिव्याखाली ठेवणार आणि वरचं दूधही द्यावं लागेल. मध्येच आणखी मंद वाटली तर परवाची वाट बघू नका, लगेच या."

मग त्यांनी रुपालीला करून दाखवलं. गुंडाळायचं नाही. फक्त लंगोटावर, आईच्या उघड्या छातीशी धरायचं. ओढणं थांबलं की तळपाय चोळायचे, पाठीवरून ओलं फडकं फिरवायचं. तरी थांबली तर छाती हाताने हलकेच दाबायची, म्हणजे दूध आपोआप तोंडात उतरतं. मग दुसऱ्या बाजूला घ्यायचं. उरलेलं दूध पिळून वाटी-चमच्याने पाजायचं. आणि दर दोन तासांनी उठवायचं, कितीही गाढ झोपली असली तरी. रुपाली ऐकताना एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. "दर दोन तासांनी?" तिने विचारलं. "त्याच्या आधी उठवली तर चालेल?"

घरी आलो तर दारावरची पाटी गेली होती. चार कोपऱ्यांत चिकटपट्टीचे तुकडे तेवढे राहिले होते.

त्या घरात मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. रुपालीने शेगडी बाहेर काढली, खिडक्या उघडल्या, पंखा एकवर लावला आणि बाळाला उघडं करून छातीशी घेतलं. तळपायाला टिचक्या मारल्या. बाळाने तोंड वेंगाडलं. गोदाबाईंना ते सोसेना. "लेकराचे हाल करायलीस ग माय. गार लागंल की तिला. निजू दे जरा, कामून मागं लागलीस?"

"आई, तुला निजलेलं लेकरू पाहिजे," रुपाली ओरडली. त्या घरात इतक्या मोठ्याने कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "मला जगलेलं पाहिजे!"

गोदाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. रडत असतील असं मला वाटलं, आणि रडतही होत्या. पण आल्या त्या ओलं फडकं पिळत. "सरक. तळपाय मी चोळते. तुझा हात लई हलका हाय."

बसून पाजलं की बाळाला झोप यायची आणि आता रुपालीलाही. म्हणून ती उभी राहिली. एका हाताने बाळाला छातीशी धरून ती हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या घालायला लागली आणि गोदाबाई बाजूने चालत बाळाचा तळपाय चोळत राहिल्या. 'बस जरा' असं कुणी म्हणालं नाही. त्या घरात पहिल्यांदाच कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाटी-चमचा उकळून घेऊन गेले, तेव्हा रुपालीचे पाय संपले होते. रात्रभर केदारने साथ दिली होती, पण पाजायचं तिलाच होतं. ती खाटेच्या कडेला टेकली होती, डोळे मिटत होते. बाळाचा जबडा दोनदा हलायचा आणि थांबायचा. गोदाबाई तळपाय चोळून चोळून थकल्या होत्या. दिगंबरराव बाहेरच्या खोलीत, दाराकडे पाठ करून, पेपर हातात धरून बसले होते. कालपासून त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं आणि तोंडातून शब्द काढला नव्हता.

"बाबा," रुपालीने आतून हाक मारली. "काहीतरी बोला ना. मला झोप लागतेय. माझ्या हातून ही पडेल."

बाहेर पेपर सळसळला. मग घसा खाकरल्याचा आवाज. "काय बोलू?"

"काहीही. पेपर वाचा. मोठ्याने."

त्यांनी सुरुवात केली ती ग्रंथालयातल्या आवाजात. मला खोलीच्या मध्यावरही शब्द कळेना. "बाबा, मोठ्याने!" मग त्यांनी आवाज चढवला. वापर नसल्यामुळे तो मध्येच फाटत होता. "विकणे आहे. शिलाई मशीन, चालू स्थितीत, टेबलासह. विकणे आहे. कोथरूड येथे दोन बेडरूमचा फ्लॅट, पश्चिमेला गॅलरी. पाहिजेत. पोळ्या करण्यासाठी बाई, स्वच्छता व वेळ पाळणारी." छोट्या जाहिराती संपल्या, मग पाणीपुरवठा कुठे बंद राहील ते वाचलं. निधनवार्तांचं पान आलं तेव्हा कागदाची फडफड ऐकू आली. ते पान त्यांनी वगळलं. तेवढ्या थांबण्यात बाळही थांबलं.

"थांबू नका!" रुपाली आणि गोदाबाई एकदम ओरडल्या.

पेपर संपला होता. दिगंबरराव उठून उभे राहिल्याचा आवाज आला. मग जे तोंडपाठ होतं ते त्यांनी सुरू केलं, आणि इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"ग्रंथालयाचे नियम! एक! ग्रंथालयात पूर्ण शांतता राखावी! दोन! आपापसांत बोलू नये! तीन! खुर्च्या ओढताना आवाज करू नये!"

गोदाबाईंनी पदर तोंडात कोंबला. रुपाली हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. पण झोप उडाली होती, आणि तिने छाती दाबली तेव्हा बाळाच्या घशातून घोट गेल्याचा आवाज आला. मी वाटी धरून वाकले होते, मला स्पष्ट ऐकू आला. मग आणखी एक. नियम सतरा होते. सतराव्यानंतर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

आजोबाने नियम ओरडल्याने बाळ दूध पितं, असं कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नाही आणि मीही सांगणार नाही. ते तळपाय चोळणं, ते ओलं फडकं, ते छाती दाबणं, त्यानेच झालं. पण ज्या बाईला सगळे गप्प बस, गप्प बस करत होते, तिच्यासाठी कुणीतरी पहिल्यांदा गोंगाट केला, एवढं मात्र मी पाहिलं.

संध्याकाळी मी खिडकीतून बघितलं. दोरीवर लंगोट वाढले होते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे बाळाला काट्यावर ठेवलं. आकडे खालीवर झाले आणि थांबले. वजन चढलं होतं. फार नाही, पण चढलं होतं, आणि कावीळही उतरणीला लागली होती. "असंच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. रुपालीने मान डोलावली आणि तिथल्या तिथे बाळाचा तळपाय चोळायला घेतला. बाळाने पाय ओढून घेतला. आता तिच्यात ओढून घेण्याइतकी ताकद आली होती.

त्यानंतर काही दिवसांनी मी आमटीला फोडणी देत होते आणि बेल वाजली. वाजली म्हणजे कुणीतरी बोट काढायलाच तयार नाही अशी. कोण आहे तो अक्कलशून्य, असं म्हणत मी गॅस बंद केला आणि दार उघडलं. दारात दिगंबरराव. एका बोटाने टकटक करणारे दिगंबरराव, आणि ते बोट अजून माझ्या बेलवर.

"अस्मिताबाई, ऐका."

त्यांच्या मागे दार सताड उघडं होतं आणि आतून रडणं येत होतं. खणखणीत, संतापलेलं, अख्खं गाव डोक्यावर घेणारं.

"स्वतःहून उठलीय," ते म्हणाले. "भुकेने. कुणी उठवलेलं नाही."

"सगळ्या सोसायटीला ऐकू येतंय, दिगंबरराव."

"येऊ दे," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले.

मी त्यांच्या मागोमाग आत गेले. तोवर रडणं थांबलं होतं. रुपाली खाटेवर बसली होती, भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून. पाय हलत नव्हते. बाळाचे डोळे उघडे होते, आईच्या तोंडाकडे लागलेले, आणि घोटावर घोट चालले होते. गोदाबाई पुढे सरकल्या तशी रुपालीने वर न बघता हात केला.

"हलू नका कुणी," ती हळूच म्हणाली. "पितेय ती."

आम्ही तिघंही जिथे होतो तिथेच उभे राहिलो.